काशाच्या गणाच्या जिभेची हकीकत

श्री.

माती मळणारास नमस्कार, मूस धरणारास नमस्कार, आणि गादीवर बसून 'हे काय केलेस' म्हणोन पुसणारासही नमस्कार, कारण तो न केला तर पुढे लिहू देणार नाहीत. शके सोळाशे अठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर, आश्विन मासापासून जे घडले ते येथे लिहिले असे. राज्य कोणते, गाव कोणता, हे लिहीत नाही. लिहून उपयोग नाही. ज्यास आपलेच राज्य वाटेल त्याचे फारसे चुकणार नाही.

त्या राज्याचे स्वामी श्रीमंत. स्वभावे वाईट नव्हते, हे प्रथम लिहितो, कारण वाईट असते तर लिहिण्यास सोपे गेले असते. लढाईची हौस नाही, शिकारीची नाही, नाद एकच, चिजा जमविण्याचा. काचेचा पोपट, हस्तिदंती डबीत हस्तिदंती डबी, समुद्रापलीकडचे घड्याळ जे चालत नसे, ऐसे कपाट भरले होते आणि किल्ली स्वतःच्या कमरेस असे. राज्याचा कारभार विसोबापंत कारभारी पाहत, फौज हैबतराव सरदार पाहत, धर्म बाळंभट शास्त्री पाहत, आणि श्रीमंत कपाट पाहत. ऐसे चालले होते आणि चालले असते. तो कोणी श्रीमंतांचे कानी घातले की कसब्यात निळोबा ओतारी म्हणोन एक आहे, तो मेणाची आकृती करितो, वर माती लिंपितो, भट्टीत मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत काशाचा रस ओततो, मग गार जाहलियावर माती फोडून चीज बाहेर काढतो, आणि माती एकदा फुटली की साचा गेला, तशी दुसरी होणे नाही. दुसरी होणे नाही हे ऐकताच श्रीमंत उठून बसले आणि हुकूम जाहला, ओताऱ्यास सांगा, जगात कोणापाशी नाही ऐसे काही कर.

निळोबा हा गरीब गाय नव्हे. तोंडाळ माणूस, आपल्या कामाची तारीफ आपणच करणारा, आणि दुसऱ्याचे काम पाहिले की नाक मुरडणारा. त्याने शिवाचे गण करावयास घेतले, खेळत असलेले. ढेरपोटे, आखूड पायांचे तीन गण, आणि एक मकर, ज्यास तोंड मगरीचे आणि शेपूट माशाचे. एक गण मकराचे पाठीवर बसून टाळ्या पिटतो, दुसरा मागून शेपूट ओढतो, आणि तिसरा पाठीवरून घसरून खाली उताणा पडला आहे, आणि पडल्या पडल्या वरच्यास जीभ दाखवितो. ती जीभ कडुलिंबाच्या पानाऐसी पातळ. रस तेथवर पोहोचण्याआधीच थिजे आणि गण मुका निघे, मग सर्व मोडून पुन्हा मेण. त्याची बायको साळूबाई ही घासणीचे काम करी, म्हणजे ओतीव चीज निघाली की तिच्या कडा, गाठी, खरबड सर्व कानशीने तीच उतरवी. ती म्हणे, "जिभेवाचून काय अडले आहे? तोंड मिटलेले करा." तो म्हणे, "पडलेला आणि तोंड मिटून बसलेला गण मी पाहिला नाही." ती म्हणे, "तुम्ही एक तरी गण पाहिला आहे काय?" तो म्हणे, "रोज आरशात पाहतो." येणेप्रमाणे दोघे भांडत गेली आणि अखेर एका ओतात जीभ आली, मागाहून डाग देऊन चिकटविलेली नव्हे, अंगचीच. साळूबाईने ती कानशीने आणखी पातळ केली, इतकी की उन्हात धरली तर कड चमके. चीज वीतभर उंच. श्रीमंतांनी पाहिली आणि हसले. बहुत दिवसांनी हसले. ओताऱ्यास शेला आणि नारळ दिला आणि चीज कपाटात गेली. येथे ही हकीकत संपावयास हवी होती. संपली नाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी राज्यात शस्त्रे पुजावयाची, म्हणोन वाड्यातील लोखंड, तांबे, पितळ जे जे होते ते दासींनी ओसरीवर काढून मांडिले, आणि श्रीमंत स्नानास गेले असता किल्ली चौरंगावर राहिली, तेव्हा कपाटातील गणही काढले, कारण धातू तो धातू. श्रीमंतांच्या मातुश्री आईसाहेब पूजेस बसल्या. नजर अधू. तलवारीस हळदकुंकू लाविले, कट्यारीस लाविले, मग हात गणांवर गेला तो पुसिले, "कोण गं हे?" दासी म्हणाली, "गण आहेत, आईसाहेब." आईसाहेब म्हणाल्या, "मग ह्यांस कोरडे का ठेवता?" आणि तिघांस हळदकुंकू, मकरास हळदकुंकू, वर झेंडूचे फूल, पुढे गूळखोबरे. जाहले. श्रीमंत आले आणि चीज उचलून कपाटात ठेवू लागले, तो बाळंभट शास्त्री आडवे जाहले. म्हणाले, "श्रीमंत, पूजा घेतली. आता ही चीज नव्हे, मूर्त आहे. पूजा घेतलेली मूर्त कुलपात ठेवणे बरे नाही. लोकांचे नमस्कार पडले पाहिजेत." श्रीमंतांचे तोंड उतरले. पण आईसाहेब समोर बसलेल्या, काय बोलणार. मग गण दरबारात आणले आणि मधोमध चौरंगावर बसविले.

आता त्या दरबाराची रीत सांगणे प्राप्त आहे. तेथे प्रत्येकाची जागा ठरलेली. उजवे हातास कारभारी, डावे हातास सरदार, त्यांच्या खाली त्यांचे त्यांचे लोक, आणि शास्त्रीबावांची जागा सरदाराचे खालच्या बाजूस. कोण किती पुढे, कोणाचा गुडघा कोणाच्या गुडघ्यापुढे, हे आजेपणजे ठरवून गेलेले. पणजांनी रस्ते ठरविले नाहीत, विहिरी ठरविल्या नाहीत, गुडघे ठरविले. आणि दुसरी रीत ऐसी की मानपानात ज्याने कोणाचा मान मोडला त्यानेच तो आपल्या हाताने भरून द्यावयाचा, दुसऱ्याने दिलेला चालत नाही. ह्या दोन रीती ध्यानात ठेवाव्या, कारण पुढील सर्व ह्यांनीच केले.

चौरंग ठेविला तो उताण्या गणाची जीभ डावीकडे, म्हणजे हैबतरावांकडे. हैबतरावांनी थोडे सोसले आणि मग उभे राहून बोलिले, "आमच्या आजोबांनी ह्या गादीसाठी लढाईत कान दिला." श्रीमंत म्हणाले, "ठाऊक आहे." हैबतराव म्हणाले, "आणि त्यांच्या नातवास येथे बसून जीभ पाहावी लागते." मग चौरंग फिरविला. जीभ उजवीकडे गेली. विसोबापंत दुसरे दिवसापासून दरबारासच येईनात. प्रकृती बरी नाही म्हणोन निरोप आला. श्रीमंतांनी वैद्य धाडिला, तो परत येऊन म्हणाला, "नाडी उत्तम आहे. चौरंग फिरला की उठतील ऐसे म्हणतात." मग चौरंग आणखी फिरविला, तो जीभ भिंतीकडे आणि पडलेल्याचे दोन्ही पाय गादीकडे, ते खुद्द श्रीमंतांसच बरे वाटेना. मग दाराकडे केला. दारातून रयत येते. नदीपलीकडच्या गावाचे लोक त्या दिवशी आले होते, त्यांची नाव पुरात फुटली होती आणि नवी द्या म्हणोन वर्षापासून हेलपाटे घालीत होते. त्यांतील एक म्हातारा आत शिरला, समोर गण पाहिला, आणि हसला, आणि मग हात जोडिले. एवढेच. परंतु रयत दरबारात हसली हे दरबारास सोसेना. नावेचे राहिले. त्या लोकांस बाहेर घालविले आणि विसोबापंत प्रकृती टाकून धावत आले आणि सर्वांचे एकमत जाहले, जे राज्यात कधी होत नसे, की जीभ नेमकी कोणास दाखविली आहे हे ओताऱ्यासच पुसावे.

निळोबास आणिले. बिचारा आनंदाने आला. आपल्या कामाविषयी कोणी पुसतो आहे, ह्याहून त्यास अधिक काय हवे? विसोबापंत म्हणाले, "ही जीभ कोणास?" निळोबा म्हणाला, "सरकार, खाली पडलेला वर बसलेल्यास दाखवितो." विसोबापंत म्हणाले, "पुन्हा सांग." निळोबास वाटले ऐकू गेले नाही, म्हणोन मोठ्याने म्हणाला, "खाली पडलेला आहे ना, तो वर बसलेल्यास जीभ दाखवितो. वरचा टाळ्या पिटतो आहे म्हणोन." आणि नीट समजावे म्हणोन बोट करून दाखविले, आणि बोटाचे रेषेत मकरावरचा गण होता, आणि त्याच रेषेत पुढे गादी होती. हैबतराव म्हणाले, "ऐकिलेत? स्वतः कबूल करितो." निळोबा म्हणाला, "कबूल काय? खेळ आहे तो." विसोबापंत म्हणाले, "कोणाचा खेळ?" निळोबा म्हणाला, "गणांचा." विसोबापंत म्हणाले, "तोंड सांभाळ." निळोबा म्हणाला, "माझे सांभाळीन. त्याचे मी उघडे केले आहे, ते आता मिटत नाही."

ह्यावर ठराव जाहला की ज्याने जीभ काढिली त्याने आत घ्यावी. निळोबा म्हणाला, "आत घेता येत नाही, सरकार. कापता येईल. ते दोन वेगळे." श्रीमंत म्हणाले, "मग काप आणि घरी जा." श्रीमंतांस राग नव्हता, कंटाळा होता. राज्यात बहुत कामे रागाने बिघडत नाहीत, कंटाळ्याने बिघडतात. निळोबा म्हणाला, "नाही कापणार." श्रीमंतांनी पुसिले, "का?" निळोबा म्हणाला, "ती एका ओतात आली आहे." ह्याचा अर्थ दरबारात कोणास कळला नाही आणि कोणी पुसिलाही नाही. मग त्यास खंदकाकडेच्या चौकीत बसविले, आणि सांगितले, कापावयाचे मनात आले की शिपायास हाक मार. गणांवर तोवर पांघरूण घालावे तर देवाचे तोंड झाकणे बरे नाही म्हणोन शास्त्रीबावा आड आले, म्हणोन चौरंग रोज फिरवीत राहिले, आज इकडे, उद्या तिकडे, आणि ज्याचेकडे जीभ असेल तो त्या दिवशी आजारी.

कार्तिक गेला. मार्गशीर्ष गेला. खंदकाचे पाणी भिंतीतून झिरपे आणि चौकीत गवत घालून बसावे तरी खालून ओल. निळोबास खोकला लागला. साळूबाई रोज भाकरी घेऊन येई. चौकीचा शिपाई तिजला म्हणे, "बाई, तुझा नवरा जिभेपायी आत, आमचे सरदार जिभेपायी अंथरुणात. ह्यांत शहाणा कोण?" साळूबाई म्हणे, "तुम्ही. पगार घेऊन बसला आहात." मग आत जाई. एके दिवशी ती म्हणाली, "भट्टी थंड पडली. कोळसा शेजाऱ्यांनी उचलून नेला." तो म्हणाला, "नेऊ दे." ती म्हणाली, "कापा की." त्याने भाकरी हाती घेतली. ती म्हणाली, "काशाची जीभ आहे. तुमची मागितली नाही अजून." तो म्हणाला, "मागतील." ती म्हणाली, "तेव्हा ती देऊ नका. ही द्या." तो म्हणाला, "साळू, मी ती कापली तर मी मान्य केले ऐसे होईल की मी ह्यांस जीभ दाखविली. मी ह्यांस कशास दाखवू? हे माझ्या डोक्यात नव्हतेच. माझ्या डोक्यात तो वरचा टाळ्या पिटणारा होता." ती म्हणाली, "हे त्यांस सांगा." तो म्हणाला, "सांगितले. त्यांस ते अधिकच झोंबले. ह्यांस वाटते जगात कोणी काही केले तर ह्यांच्यासाठीच केले." आणि खोकू लागला, आणि इतका खोकला की भाकरी हातातून सुटून ओल्या गवतात पडली. साळूबाईने भाकरी उचलली, पुसली, आणि पाहिले तो भाकरीस तांबडे लागले होते. भाकरी पदरात बांधून घरी घेऊन गेली.

पौष मासी संक्रांत आली. संक्रांतीस आईसाहेबांकडे गावच्या बायका हळदकुंकवास येत, त्यांस देवडीवर कोणी अडवीत नसे. साळूबाई त्यांत आली. त्याच दिवशी दरबारात निळोबास आणिले होते, शेवटचे पुसावयाचे म्हणोन, आणि त्याचे हाती कानस दिली होती. दोन शिपायांनी दोहों बाजूंनी धरिले होते, पळेल म्हणोन नव्हे, पडेल म्हणोन. विसोबापंत म्हणाले, "कापतोस?" निळोबा म्हणाला, "नाही." हैबतराव म्हणाले, "मरशील." निळोबा म्हणाला, "ते दिसतेच आहे." इतक्यात दरबारालगत बायका बसत तेथील चिकाच्या पडद्याआडून साळूबाई बाहेर आली आणि सरळ मधे गेली. शिपाई पुढे जाहले, तो आतून आईसाहेब म्हणाल्या, "तिच्या कपाळास आताच कुंकू लाविले आहे मी. हात लावू नका." शिपाई थांबले. साळूबाईने नवऱ्याचे हातून कानस घेतली. त्याचे हातात ती धरण्याचे बळ नव्हतेच. विसोबापंत म्हणाले, "बाई, ज्याने केले त्यानेच कापावयाचे, ही रीत आहे." साळूबाई म्हणाली, "ओत त्यांचा, घासणी माझी. जीभ इतकी पातळ कोणी केली ते पुसा त्यांस." श्रीमंतांनी निळोबाकडे पाहिले. निळोबा म्हणाला, "साळू, नको." साळूबाईने तिकडे पाहिले नाही. डावे हाताने गणाचे डोके धरिले आणि कानस चालविली. दरबारात त्या आवाजाखेरीज आवाज नव्हता, आणि तो फार वेळ चालला, कारण पातळ असले तरी कासे ते कासे. तुकडा पडला. तिने उचलून विसोबापंतांपुढे ठेविला आणि म्हणाली, "ही घ्या. माणूस द्या." विसोबापंत काही बोलणार, तो श्रीमंत म्हणाले, "द्या. बसा खाली." तिने नवऱ्यास खांदा दिला आणि दोघे निघून गेली. त्यांस वाट करून देण्यास कोणी गुडघा मागे घेतला नाही, वळसा घालून जावे लागले.

ती दाराबाहेर गेल्यावर बाळंभट शास्त्री खाकरले आणि म्हणाले, "श्रीमंत, मूर्त भग्न जाहली. भग्न मूर्त घरात ठेवू नये. बुडविली पाहिजे." श्रीमंत म्हणाले, "हे कापण्याआधी का नाही सांगितले?" शास्त्रीबावा म्हणाले, "कोणी पुसिले नाही." हे खरे. परंतु चौरंग डावीकडे असला की जीभ हैबतरावांकडे आणि त्यांच्या खांद्यावरून शास्त्रीबावांकडे, हेही खरे. दोन्ही लिहून ठेवितो.

मग बुडविण्याचे ठरले. नदीच्या मधल्या डोहात बुडवावे, त्यास नाव हवी. एका दुपारात सुतार आले, सागाच्या फळ्या आल्या, नवी नाव उभी राहिली, रंगही दिला. पुढे कोण बसणार, कारभारी की सरदार, ह्यावरून काठावर तंटा जाहला आणि ऊन उतरेतोवर चालला, अखेर कोणीच बसले नाही, नावाड्याने एकट्याने नेऊन गण डोहात सोडिले. श्रीमंत काठावर उभे होते. ज्या एका चिजेस पाहून हसले ती पाण्यात गेली, आणि ते काही बोलले असते तरी त्या वेळी कोणी ऐकत नव्हते. नाव परत आली ती सरकारी नावघरात कुलूप लावून ठेविली, देवकार्यास वापरलेली म्हणोन. नदीपलीकडचे लोक अद्यापि पोहून येतात.

निळोबा घरी आला आणि ओट्यावर बसला. साळूबाईने चूल पेटविली, पेज केली, वाटी पुढे ठेविली. तो म्हणाला, "कापलीस." ती म्हणाली, "होय." तो म्हणाला, "मी नको म्हणालो होतो." ती म्हणाली, "ऐकले. तेव्हा कानस माझ्या हाती आली होती." तो म्हणाला, "तुला ठाऊक होते ती कशी आली ते." ती म्हणाली, "मलाच ठाऊक होते. त्या दरबारात दुसऱ्या कोणास ठाऊक होते? म्हणोन मी कापली. दुसऱ्याने कापली असती तर ओरबाडली असती." तो वाटीकडे पाहत म्हणाला, "सरळ कापलीस." ती म्हणाली, "वाकडी कापली असती तर तुम्ही तेथेच भांडत बसला असता." तो हसला नाही, परंतु वाटी उचलली. पेज अर्धी प्याला आणि अर्धी ठेविली. ती म्हणाली, "सगळी प्या. मी तुमच्यासाठी काय काय केले आहे." तो प्याला.

सारांश इतकाच. राज्यात कोणाचा मान मोडला होता तो भरून निघाला की नाही, हे ज्याचे त्यास ठाऊक. दरबार भरतो, गुडघे जागच्या जागी आहेत, कपाटास कुलूप आहे. खोकला उन्हाळ्यात कमी जाहला, गेला नाही. निळोबा आता घंटा आणि घागरी ओततो, गण करीत नाही, आणि साळूबाई शेजारी बसून घासते, आणि दोघे पूर्वीपेक्षा कमी भांडतात, हे काही चांगले लक्षण नव्हे. ओतारी जिवंत आहे. ह्या राज्यात ह्याहून अधिक कोणास काही मिळाल्याचे ह्या लिहिणाराचे ऐकिवात नाही. हात दुखतो. येथे थांबतो.